आपण कोण विचारणारे?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. चाकणला एका नातेवाइकांच्या घरी मंगनीचा कार्यक्रम होता. तो आटोपून अब्बा, अम्मी आणि मी परत निघालो, तेव्हा नाशिक रस्त्यावर नेहमीप्रमाणे कंटेनरांची रांग लागली होती. रिक्षा जागची हलेना. तेवढ्यात मगरिबची अजान ऐकू आली. अब्बा उतरून जवळच्या मशिदीत गेले. अम्मी आणि मी एका बंद टपरीच्या फळीवर बसून राहिलो. मगरिबची वेळ फार थोडी असते. घरी पोहोचेपर्यंत ती टळून गेली आणि अम्मीला ती नमाज घरी कजा म्हणून पढावी लागली.

रात्री जेवताना अम्मीने सहज विचारले, "आपल्याकडच्या मशिदींत बायकांना का येऊ देत नाहीत हो?" तिच्या स्वरात राग नव्हता. अब्बा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मौलाना सांगतात तसे आपण करतो. आपण कोण विचारणारे?"

तेथेच तो विषय संपला. माझ्या मनात मात्र तो संपला नाही. त्याला कारण असे की माझे अब्बा विचारण्याचाच पगार घेतात. ते एका कारखान्यात मोटारीच्या सुट्या भागांच्या तपासणी विभागात आहेत. एखादा भाग मापात उतरला नाही की तो लाल पेटीत जातो आणि मग विचारणा सुरू होते. जपानच्या टोयोटा कारखान्यात रूढ झालेली ही पद्धत आता आपल्या भोसरी-चाकणच्या शेडांतही पाळली जाते. एका दोषामागे पाच वेळा 'का' विचारायचे. भाग जाड का झाला? हत्यार झिजले म्हणून. का झिजले? कूलंट कमी पडले म्हणून. का कमी पडले? पंपाची जाळी तुंबली म्हणून. का तुंबली? सफाई झाली नाही म्हणून. का झाली नाही? सफाईचे वेळापत्रकच कोणी केले नव्हते म्हणून! पाचव्या 'का'ला खरा दोष सापडतो, असे अब्बाच मला सांगतात. तेथे साहेबाला 'का' विचारणे हा उद्धटपणा मानला जात नाही, ते कामच असते. जो माणूस यंत्राला दिवसातून पाच वेळा 'का' विचारतो, तो मशिदीच्या दारात एकदाही का विचारत नाही, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. मी आलिमा नाही. मला अरबी वाचता येते. पण तिचा अर्थ भाषांतराच्या आधारानेच कळतो. ज्यांनी वर्षानुवर्षे कुराण, हदीस आणि फिक्ह यांचा अभ्यास केला, त्यांच्या ज्ञानाविषयी मला आदर आहे. निर्णय देणे हे जाणकारांचे काम आहे, हे मला मान्य आहे. परंतु निर्णय देणे वेगळे आणि निर्णयाचे कारण विचारणे वेगळे. रोगी स्वतः औषधाची चिठ्ठी लिहीत नाही. पण हे औषध कशासाठी, हे विचारण्याचा त्याला हक्क असतो, कारण औषध त्याच्या पोटात जाणार असते. धर्माच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कयामतच्या दिवशी ज्याचा त्यालाच हिशेब द्यायचा आहे, असे उलेमाच आपल्याला शिकवितात. हिशेब माझा असेल, तर तो समजून घेण्याचा प्रश्नही माझाच असला पाहिजे.

अम्मीने विचारलेला प्रश्न काही नवा नाही. तो आपल्या शेजारीच विचारला गेला आहे. पिंपरीहून मेट्रोत बसले की संत तुकारामनगरपासून मोजत गेल्यास सहावे स्थानक बोपोडीचे येते. तेथील एका दांपत्याने २०१८ साली आपल्या वस्तीतील मशिदीला पत्र लिहून, स्त्रियांना आत नमाज पढू द्यावी अशी विनंती केली. तशी प्रथा येथे नाही, असे उत्तर आले. तेव्हा ते दोघे पती-पत्नी २०१९ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एप्रिल महिन्यात केंद्र सरकार आणि इतर संबंधितांना नोटिसा काढल्या. शबरीमलाचा निकाल नुकताच, म्हणजे २८ सप्टेंबर २०१८ रोजी लागला होता. त्यामुळेच आम्ही हे ऐकून घेत आहोत, असेही न्यायमूर्तींनी सांगितले.

मला महत्त्वाची वाटते ती यापुढची घटना. २०२० च्या जानेवारीत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने या प्रकरणात प्रतिज्ञापत्र दिले. स्त्रीने मशिदीत जाऊन नमाज पढण्यास इस्लामची मनाई नाही, जमातीत सामील होणे तिला बंधनकारक मात्र नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे काय झाले पाहा. बोपोडीत जे 'होत नाही' होते, ते दिल्लीत 'मनाई नाही' झाले! धर्म बदलला नव्हता, ग्रंथ बदलले नव्हते. उत्तर पहिल्यापासून ग्रंथांत होतेच. एका साध्या जोडप्याने प्रश्न विचारीपर्यंत ते आपल्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

येथे कोणी म्हणेल की प्रश्न विचारणे हीच मुळी पाश्चात्त्य शिक्षणाची खोड आहे. मला ते पटत नाही. फतवा या शब्दाचाच विचार करा. वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना फतवा म्हणजे हुकूम वाटतो. वास्तविक फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने दिलेले मत. आधी कोणी तरी सामान्य माणूस प्रश्न घेऊन येतो, मग मुफ्ती ग्रंथ उघडतो. प्रश्नच नसेल, तर फतवाही नाही. ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येणार नाही. पण न्यायालयाने सांगण्यापूर्वीच ही गोष्ट परंपरेत होती. एका मुफ्तीच्या मताने समाधान झाले नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट पूर्वीपासून मोकळी आहे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. काही लोक प्रवासाला निघाले होते. त्यांतील एकाला डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान करण्याची वेळ आली. त्याने सोबत्यांना विचारले, मला पाण्याऐवजी मातीने तयम्मुम करता येईल का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, तेव्हा नाही. बिचाऱ्याने जखमेवर पाणी घेतले आणि तो मेला. ही बातमी पैगंबरांच्या कानी गेली तेव्हा ते त्या सोबत्यांवर कमालीचे संतापले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानावर विचारण्यासारखा इलाज नाही, असे त्यांनी सुनावले. या प्रसंगात दोष कोणाला दिला गेला? विचारणाऱ्याला नव्हे, माहिती नसताना छातीठोक उत्तर देणाऱ्यांना. आणि त्या जखमी माणसाने ते उत्तर मुकाट्याने स्वीकारले, आणखी एकदा 'का' म्हटले नाही, त्याची किंमत त्याच्या प्राणाने चुकवली.

दुसरी गोष्ट खलिफा उमर यांची. मेहरच्या रकमेवर मर्यादा घालावी असे त्यांनी मिंबरवरून जाहीर केले. तेव्हा एका स्त्रीने उठून कुराणाच्या आधाराने हरकत घेतली आणि खलिफांनी आपले म्हणणे मागे घेतले. या कथेची सनद पुरेशी पक्की नाही असे काही हदीसतज्ज्ञ म्हणतात. असेलही. पण ती कथा आपल्याकडचे मौलानाच मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या स्त्रीचे नाव कोणी सांगत नाही; ती तुमच्याआमच्यासारखी होती. मग ज्या स्त्रीची कथा मिंबरवरून सांगितली जाते, तिच्यासारखी स्त्री आज उभी राहिली तर तिला "बस खाली" का म्हणावे?

शिवाय सर्व उलेमांचे एकच मत असते असेही नाही. आपल्या भागातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत, तर कोकणातले शाफई. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक हनफी परंपरेत तीन तलाक धरला जाई, तर अहले हदीस पंथाचे विद्वान तो एकच मानीत. म्हणजे तेच शब्द, तोच नवरा, तीच बायको. पण एका विद्वानाच्या मते संसार मोडला, दुसऱ्याच्या मते तो अजून सांधता येतो. अशा वेळी सामान्य माणसाने विचारायचे नाही, तर करायचे काय?

काळाबरोबर मते बदलतात, हेही आपण पाहतो. गेल्या शतकात ध्वनिक्षेपक नवा आला तेव्हा नमाजेत त्याचा वापर करावा की नाही, यावर मोठा वाद झाला. यंत्रातून येतो तो इमामाचा मूळ आवाज की त्याचा प्रतिध्वनी, हा कळीचा मुद्दा होता. तो ग्रंथांतून सुटेना, तेव्हा उलेमांनी विज्ञानाच्या जाणकारांकडे विचारणा केली. ज्यांनी प्रारंभी प्रतिकूल मत दिले होते त्यांच्यापैकी काहींनी पुढे ते बदलले. यात त्या विद्वानांचा कमीपणा मी मानीत नाही, उलट हा त्यांचा मोठेपणा आहे. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. नियम विद्वानाला ठाऊक असतो. वस्तुस्थिती मात्र पुष्कळदा सामान्य माणसालाच ठाऊक असते. भट्टीसमोर आठ तास उभा राहून रोजा धरणारा कामगार, जुम्याच्या दिवशीच पहिली पाळी लागलेला हेल्पर, भविष्य निर्वाह निधीवर मिळणाऱ्या व्याजाचे काय करावे या चिंतेत पडलेला फिटर, यांची परिस्थिती मदरशाच्या खोलीत बसून कशी कळेल? ती यांनीच सांगितली पाहिजे आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारले पाहिजे.

या विषयावर लिहिताना हमीद दलवाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या या लेखकाने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. केवळ सात! पण ज्या काळात एकीनेही तोंड उघडले नव्हते, त्या काळात सात ही संख्या लहान नव्हती. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. 'सत्यशोधक' हा शब्द त्यांनी महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या समाजावरून घेतला, हे सांगायला नकोच. या मंडळातील सय्यदभाईंना या कार्याकडे ओढले ते ग्रंथांनी नव्हे. त्यांच्या सख्ख्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता. ते आयुष्यभर झटले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२२ मध्ये ते निवर्तले.

दलवाईंचे सर्वच म्हणणे मला पटते असे नाही. ते धर्माच्या चौकटीबाहेर उभे राहून प्रश्न विचारीत होते. माझी अम्मी चौकटीच्या आत उभी आहे. तिला नमाज सोडायची नाही. तिला ती वेळेवर पढायची आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना केलेली बंदी २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयाने रद्द केली. ती याचिका भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी केली होती आणि त्यांनाही दर्ग्यात जायचे होते ते श्रद्धेनेच. बाहेरून विचारणारा आणि आतून विचारणारी, दोघांचे मार्ग निराळे. पण दलवाईंसारख्यांनी पूर्वी शिव्याशाप सोसले म्हणून आज माझ्यासारख्या मुलीला महाविद्यालयाच्या अंकात इतके तरी लिहिता येते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येते. तो माझ्या घरातलाच आहे. अब्बा म्हणतात, "बेटी, आपण थोडे आहोत. दिवस बरे नाहीत. आपणच आपल्या माणसांना प्रश्न विचारू लागलो तर बाहेरच्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल." या भीतीला हसण्याचा मला अधिकार नाही. ज्याने ती अनुभवली नाही त्यानेही हसू नये. परंतु गप्प राहिल्याने काय साधले, तेही पाहिले पाहिजे. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो या वृद्ध स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने पोटगी मंजूर केली. त्यावर केवढे वादळ उठले! १९८६ साली नवा कायदा करून त्या निकालाचा परिणाम पुसण्यात आला. एका म्हातारीच्या पोटापाण्याचा साधा प्रश्न आपण समाजाच्या इभ्रतीचा केला. त्यानंतर तीस-एकतीस वर्षे तोंडी तलाक मोडून काढण्याची संधी आपल्याच हाती होती. आपण ती घेतली नाही. अखेर २२ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायालयाने तो रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. तुरुंगाची ही तरतूद तलाकविरुद्ध लढलेल्या अनेक स्त्रियांनाही नको होती. नवरा आत गेल्यावर पोटगी कोण देणार, असे त्या विचारीत होत्या. पण तोवर उत्तर लिहिण्याचे काम आपल्या हातून गेले होते. आपले प्रश्न आपण सोडविले नाहीत, तर दुसरे कोणी तरी त्यांच्या रीतीने सोडविते, हा त्यातला धडा आहे. एकी टिकवायची असेल तर ती मौनावर टिकणार नाही.

माझ्या हिंदू मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द सांगायचे आहेत. हा लेख वाचून "बघा, तुमच्यात असे असते" म्हणण्याची घाई करू नका. आपल्या कारखान्यांच्या मधून वाहणारी इंद्रायणी या गोष्टीची जुनी साक्षीदार आहे. आळंदीच्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी परंपरा आहे. देहूच्या तुकोबांच्या वह्या याच नदीत बुडविल्या गेल्या. शूद्राने धर्मावर बोलावे कसे, हाच आक्षेप होता. आज त्याच दोन गावांतून पालख्या निघतात आणि आपल्या औद्योगिक वसाहतीतले कामगार रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांना हात जोडतात. तेव्हा 'आपण कोण विचारणारे' हे वाक्य काही एका धर्माचे नाही. ते प्रत्येक घरात कोणत्या तरी भाषेत बोलले जाते. तुमच्या घरात ते कोण कोणाला म्हणते, याचा शोध तुम्ही घ्या. माझ्या घरातला शोध मी घेते.

अर्थात विचारणाऱ्यावरही काही जबाबदारी येतेच. केवळ खिजविण्यासाठी विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो. विचारण्यापूर्वी थोडे वाचले पाहिजे, उत्तर पुरते ऐकून घेतले पाहिजे आणि उत्तर बरोबर असेल तर आपली चूक कबूल केली पाहिजे. उलेमांकडूनही माझी अपेक्षा एवढीच आहे की त्यांनी 'असेच आहे' म्हणून थांबू नये. कोठे आहे, का आहे आणि दुसरे मत आहे किंवा नाही, हेही सांगावे. त्यामुळे त्यांचा मान कमी होणार नाही. ज्याला कारण सांगता येते त्याचा मान वाढतोच.

आता अब्बांच्या त्या वाक्याचे पुढे काय झाले ते सांगून संपविते. अम्मी दोन महिने काही बोलली नाही. मग रमजानच्या आधी एका रात्री तिने अब्बांना शांतपणे म्हटले, "तुम्ही कारखान्यात पाच वेळा विचारता. माझ्यासाठी एकदा विचाराल का?" अब्बा हसले नाहीत. पुढच्या जुम्याला ते आमच्या मोहल्ल्यातील मौलानांकडे गेले. मला वाटले होते, रागावून परत येतील. ते आले ते विचारात पडूनच. मौलाना म्हणाले होते, "धर्मात मनाई नाही. पण आपल्याकडे जिना एकच, वजूची जागा एकच. बायकांची वेगळी सोय करायला जागाही नाही आणि पैसाही नाही. आजवर कोणी विचारले नाही, म्हणून कोणी केले नाही."

इतकी वर्षे जो आम्हांला धर्माचा प्रश्न वाटत होता, तो निघाला एका जिन्याचा आणि चार नळांचा! पाचव्या 'का'ला खरा दोष सापडला, तो असा.

सोय अजून झालेली नाही. मशिदीच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे, तीत जुन्या चटया पडून असतात. ती रिकामी करता येईल का, अशी चर्चा चालू आहे. काही वडीलधाऱ्यांना ते पसंत नाही. त्यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. अम्मीने आपल्या भिशीतले दोन हजार रुपये नळांसाठी बाजूला काढून ठेवले आहेत. आणि अब्बा? परवा शेजारचे चाचा त्यांना म्हणाले, "अरे, आपण कोण विचारणारे?" तेव्हा अब्बा म्हणाले, "आपण नाही तर कोण?"

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला